वसतिगृह हेच पहिले कॉलेज

(बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या पालकसभेत खेड्यातील एका शिक्षकाने केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले. आता महिन्याभरात आपल्यापैकी कित्येकांची मुले पदवीच्या पहिल्या वर्षाकरिता शहरगावी जातील. कॉलेज कोणते, फी किती, एस. टी. कितीची, हे आपण दहा जणांस विचारतो. परंतु पोर राहणार कोठे, कोणाच्या पंगतीला जेवणार, रात्री गणित अडले तर कोणाचे दार ठोठावणार, हे फारसे कोणी विचारीत नाही. खोली मिळाली, खाणावळ लागली, की आपण निर्धास्त. मी आज एवढेच सांगावयास उभा आहे की, पहिल्या वर्षी पोर जेथे राहते, तेच त्याचे पहिले कॉलेज होय.

साधा हिशेब करा. कॉलेजात तास चार-पाच. उरलेले एकोणीस-वीस तास पोर खोलीवर नाहीतर रस्त्यावर. शिकल्या घरच्या मुलास बाप, चुलता, थोरली बहीण सांगणारी असते. परीक्षेचा अर्ज कसा भरावा, ग्रंथालयातून पुस्तक कसे काढावे, प्राध्यापकांस शंका कशी विचारावी, हे त्यास घरबसल्या कळते. आपल्या कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या पोरास हे सांगणार कोण? वर्गातले इंग्रजी समजत नाही. समजले नाही हे सांगण्याची लाज वाटते. लाजेपायी ते मागल्या बाकावर बसते, मग वर्ग चुकवू लागते, आणि दिवाळीस घरी आले की परत जात नाही. आपण म्हणतो, याच्या नशिबीच विद्या नव्हती. बांधवांनो, नशिबास बोल कशाला? रोप चांगलेच होते. वाफ्यातून उपटून नव्या मातीत लावले, आणि लावल्यावर पहिले पाणी देण्यास कोणी नव्हते!

अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांनी या पहिल्या पाण्याची सोय केली आहे. तेथे पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांस वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर ठेवतात व त्यांचे दोन-तीन विषयांचे वर्गही एकत्र घेतात. कोठे एखादा प्राध्यापक त्याच इमारतीत बिऱ्हाड करतो, कोठे तो मुलांबरोबर जेवावयास येतो. वरच्या वर्गाचा एक विद्यार्थी नव्यांची विचारपूस करतो. वर्गात जे अडले ते जेवताना सुटते, आणि जो गप्प बसतो तो कोणाच्या तरी नजरेस पडतो.

या रीतीचा एक जुना व गाजलेला प्रयोग १९२७ साली मॅडिसन शहरी, विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मिकलजॉन यांनी केला. सरोवराकाठच्या एका वसतिगृहात विद्यार्थी राहत आणि शिक्षकांच्या खोल्याही तेथेच असत. पहिले वर्षभर सर्वांनी मिळून प्राचीन अथेन्स नगरीचा अभ्यास करावयाचा, दुसऱ्या वर्षी आपल्या काळच्या अमेरिकेचा. मधल्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या मुलखाची पाहणी करून लेख लिहावयाचा. गाव सोडून शिकावयास आलेल्यास गावाकडेच पुन्हा पाहावयास लावले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु तेथे मुलींस प्रवेश नव्हता. पुढे टीका वाढली, विद्यार्थी घटले, मंदीचे दिवस आले, आणि १९३२ साली ते कॉलेज बंद झाले. पण कल्पना मेली नाही.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्या मुलखात हे काम त्याआधीच सुरू झाले होते. कोल्हापुरास १८ एप्रिल १९०१ रोजी शाहू महाराजांच्या आश्रयाने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशी बोर्डिंगे उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातल्या पोरास शहरात कोणी दारात उभे करीत नव्हते, तेव्हा आपल्या माणसांचे छप्पर मिळाले. त्याने पोरांस धीर आला. पण प्रत्येक जातीचे छप्पर वेगळे राहिले.

पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी टाकले. ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगात शिकत असता मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेले, आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांस बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ साली सातारला सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकच बोर्डिंग काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे मुले एका चुलीवरचे खात, आपली कामे आपण करीत. लक्ष्मीबाई त्या सर्वांची आई झाल्या. पोरांच्या पोटाकरिता त्यांनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९४७ साली सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' ही रीत कॉलेजातही आली. आज पुणे विद्यापीठही भाऊरावांच्या नावाने ती योजना चालविते.

मॅडिसनला पुस्तक एक होते; सातारला चूल एक होती, कुदळही एक होती. माझ्या मते आपल्या पोरांस दोन्ही पाहिजेत. नुसत्या पुस्तकाने हात पांगळे होतात, आणि नुसत्या कुदळीने डोळे मिटतात.

हल्ली सरकार पैसा देते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस स्वाधार योजनेतून मदत मिळते. शेतकरी-मजुरांच्या मुलांकरिता पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. तो आपला हक्क आहे, तो घ्याच. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेत या, मी लिहून देईन. परंतु एक ध्यानात ठेवा: पैशाने खोली मिळते, शेजार मिळत नाही.

म्हणून पोरास पोचवावयास जाल तेव्हा ट्रंक ठेवून लगेच एस. टी. धरू नका. वसतिगृहाच्या रेक्टरांस चार प्रश्न विचारा. येथे रात्री अभ्यास पाहणारा कोणी आहे काय? पहिल्या वर्षाच्या मुलांस हात देण्यास वरच्या वर्गाचे विद्यार्थी नेमले आहेत काय? सर्व जातींची मुले एका पंगतीला बसतात काय? मूल आठ दिवस वर्गास गेले नाही, तर ते कोणास कळते? मुलीचे आईबाप असाल तर हेच विचारा. कुंपण किती उंच एवढेच विचारून परतू नका.

उत्तर 'नाही' असे आले, तरी पोरास माघारी आणू नका. आपल्या पंचक्रोशीची त्या शहरात शिकणारी मुले हुडका. पाच-सहा जणांनी मिळून खोली घ्यावी. त्यांत एक तरी वरच्या वर्गाचा असावा. जात विचारू नये. रोज रात्री तासभर एकत्र बसून दिवसाचा धडा एकाने दुसऱ्यास सांगावा. आणि स्वयंपाकाची पाळी लावावी. यास सरकारी हुकूम लागत नाही, देणगी लागत नाही. आपण पेरणीला सावड करतोच ना? तुझा बैल माझ्या शेतात, माझा बैल तुझ्या शेतात. तशीच विद्येची सावड करा.

आणि जी पोरे पुढच्या साली दुसऱ्या वर्षात जातील, त्यांनी नव्यांना आणावयास एस. टी. स्टँडवर जावे, एवढे वचन आजच त्यांच्याकडून घ्या. इतके झाले, तर दिवाळीला घरी आलेले पोर परत कॉलेजास जाईल.