जॅक उचलतो, टेकू धरतो

बैलगाडीच्या आंसाला वंगण घालण्याचा प्रसंग ज्यांनीं खेड्यांत पाहिला असेल त्यांना एक गोष्ट आठवेल. दोघे गडी गाडीला खांदा देत; गाडी वर येतांच तिसरा आंसाखालीं लांकडाचा जाड ओंडका सरकवी; आणि सारा भार त्या ओंडक्यावर नीट बसला म्हणजेच खांदा काढून चाक उतरविलें जाई. खांद्यावर गाडी तोलून धरून कोणी चाकाशीं खटपट करीत बसत नसे. खांदा थकतो, पाय सरकतो. ओंडक्याला मात्र थकवा नाहीं. उचलणें हें एक काम आणि धरून ठेवणें हें दुसरें, हा भेद निरक्षर गाडीवानाला अनुभवानें कळलेला होता. आज शहरांतील गृहस्थाच्या दारांत मोटार उभी आहे आणि खांद्याच्या जागीं जॅक आला आहे. परंतु तो साधा भेद मात्र पुष्कळदां विसरला जातो.

असें एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. रविवारची सकाळ आहे. सोसायटीच्या आवारांत एका गृहस्थांनीं आपली मोटार डिकींतल्या जॅकवर पुढून उचलली आहे. इंजिनाचें जुनें तेल काढून नवें भरावयाचें, एवढेंच काम. शाळकरी मुलगा पाने हातांत देण्यासाठीं शेजारीं उभा आहे. गृहस्थ पाठीवर पडून गाडीखालीं सरकूं लागतात, तोंच वरच्या गॅलरींतून त्यांचे वडील हांक मारतात, "अरे, खालीं जातोस, पण गाडीला टेकू काय दिला आहेस?"

"जॅक आहे ना, बाबा. पांच मिनिटांचें तर काम!"

"काम पांच मिनिटांचें असेल, पण गाडी खालीं यायला एक क्षण पुरतो. टेकू नाहीं तोंवर आंत जाऊं नकोस."

मुलगा एकदां आजोबांकडे आणि एकदां वडिलांकडे पाहतो. गृहस्थ कांहींसे नाराज होऊनच बाहेर येतात. वृद्धाचा हा आग्रह म्हणजे उगाच भित्रेपणा होता काय, हें जॅकची रचना पाहिली म्हणजे आपोआप ध्यानांत येईल.

मोटारीबरोबर मिळणारा जॅक बहुधा कात्रीच्या आकाराचा असतो. त्याच्या आडव्या मळसूत्राला दांडा लावून फिरविलें कीं दोन्ही बाजू जवळ येतात आणि माथा वर चढतो. मळसूत्राचे आटे बारीक असल्यामुळें भारानें तें उलटें फिरत नाहीं, हा त्याचा गुण. परंतु त्याचा तळ जेमतेम तळहाताएवढा असतो. गाडी थोडीशी पुढेंमागें झाली कीं तो कलंडतो, हा त्याचा दोष. रस्त्यावर पंक्चर झालेलें चाक काढून स्टेपनी बसवावी, एवढ्याच कामासाठीं तो दिलेला असतो. आणि त्या कामांत माणसाला गाडीखालीं जावें लागत नाहीं. शिवाय २०२० सालीं केंद्र सरकारनें नियम बदलून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचें साहित्य ज्या मोटारींत आहे त्यांना स्टेपनीची सक्ति ठेवली नाहीं. त्यामुळें आपल्या डिकींत जॅक आहे कीं नाहीं, हेंही एकदां उघडून पाहिलेलें बरें.

दुसरा प्रकार तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅकचा. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम सतराव्या शतकांत पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञानें मांडला. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें त्यावरून दाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८५१ सालीं न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यानें तेंच तत्त्व हातानें नेतां येईल अशा जॅकमध्यें आणलें. हिशेब सोपा आहे. लहान दट्ट्याचें तोंड १ चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचें २० चौरस सेंटिमीटर असलें, तर लहानावर दिलेला १० किलोचा भार मोठ्यावरचे २०० किलो पेलतो. मात्र लहान दट्ट्या २० सेंटिमीटर चालावा तेव्हां मोठा १ सेंटिमीटर वर जातो. निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं.

आतां याच यंत्राची दुसरी बाजू पाहावी. वर चढलेली गाडी कशावर उभी आहे? तेलाच्या एका स्तंभावर. आणि तें तेल अडवून धरलें आहे एका रबरी कड्यानें व एका लहानशा झडपेनें. कडें झिजलें, झडपेंत कचऱ्याचा कण अडकला किंवा भार सोडण्याचा स्क्रू चुकून सैल झाला, तर गाडी खालीं येते. कधीं ती हळूहळू उतरते, कधीं क्षणांत. म्हणून तेलाचा जॅक कितीही मोठा व महाग असला तरी तो उचलण्याचेंच साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. त्याच्या तेलाविषयींही एक सूचना आहे. त्यांत जॅकसाठीं सांगितलेलेंच तेल घालावें. घरांत आहे म्हणून ब्रेकचें तेल ओतूं नये. त्यानें आंतलीं रबरी कडीं खराब होतात.

तेलाच्या जॅकांत दोन जाती बाजारांत दिसतात. एक बाटलीसारखा उभा. तो जागा थोडी घेतो आणि भार पुष्कळ उचलतो. परंतु पूर्ण खालीं असतांनाही त्याची उंची बहुधा १८ ते २० सेंटिमीटर असते. उंच जीपसारख्या गाडीला तो चालतो, लहान मोटारीखालीं मात्र जातच नाहीं. मग टायर बसलेला असतांना तर बोलावयासच नको. दुसरा चार चाकांवर सरकणारा, त्याला ट्रॉली जॅक म्हणतात. तो सुमारें १३-१४ सेंटिमीटरपासून ३३-३५ सेंटिमीटरपर्यंत उचलतो, त्याचा तळ रुंद असतो, आणि घरच्या कामाला तोच सोयीचा. मात्र त्याचा हात वर चढतांना सरळ न जातां कमानीसारखा वळतो. म्हणून उचलतांना जॅकचीं चाकें मोकळेपणीं फिरलीं पाहिजेत. तीं फरशीच्या फटींत किंवा मातींत रुतलीं, तर जॅक गाडीखालीं येण्याऐवजीं गाडीच जॅककडे ओढली जाते आणि माथा जागेवरून निसटतो.

जॅक किती टनांचा घ्यावा? प्रथम आपल्या गाडीचें वजन माहीत असावें. तें गाडीच्या माहितीपुस्तकांत दिलेलें असतें. १९८३ सालीं आलेली मारुती ८०० सुमारें ६५० किलोंची होती. आजच्या लहान मोटारी बहुधा ८०० ते १००० किलोंच्या असतात, आणि मोठ्या एसयूव्ही दोन हजार किलोंच्या आसपास जातात. एका वेळीं सारी गाडी उचलली जात नाहीं हें खरें. तरी जॅकची क्षमता गाडीच्या पूर्ण वजनाहून कमी नसावी. लहान मोटारीस २ टनांचा आणि मोठीस ३ टनांचा जॅक घेतला म्हणजे हातीं पुरेसा ताळा राहतो.

आतां टेकू, म्हणजे ज्याला बाजारांत जॅक स्टँड म्हणतात ती वस्तु. ही नेहमीं जोडीनें घ्यावी. रुंद पसरलेल्या पायांवर उभा राहणारा हा पोलादी खांब. आंतला दांडा हव्या त्या उंचीवर अडकवितां येतो. अडकविण्याच्या रीति दोन. एकींत दांड्याला करवतीसारखे दांते असतात व त्यांत एक खिटी बसते. दुसरींत दांड्याला आरपार भोंकें असून त्यांतून जाड पोलादी पिन घालतात. दांत्यांची रीत वापरावयास सोपी. पण खिटी दांत्यांत पूर्ण बसली कीं नाहीं हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें. २०२० सालीं अमेरिकेंत याच दोषामुळें एका मोठ्या विक्रेत्याला लाखों स्टँड परत मागवावे लागले: खिटी व दांते नीट अडकत नव्हते आणि भार हलला कीं दांडा एकदम खालीं येण्याचा धोका होता. त्यांच्या बदलीं दिलेल्या स्टँडांपैकीं कांहींचें वेल्डिंग सदोष निघालें, आणि तेही त्याच वर्षीं परत घ्यावे लागले! तात्पर्य, नांव आणि रंग पाहून भुलूं नये. दांत्यांच्या स्टँडला जोडीला आरपार पिनही असेल तर तो पसंत करावा. वेल्डिंगचा सांधा सलग आहे कीं तुटक, पाय वांकडे आहेत कीं काय, चारही पाय एकदम जमिनीला टेकतात कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. क्षमतेचा आंकडा एका स्टँडचा आहे कीं जोडीचा, हेंही वाचून घ्यावें. दोन्ही प्रकारें लिहिण्याची चाल आहे, आणि इथेंच पुष्कळांची फसगत होते.

"वर्षांतून दोनदां लागणाऱ्या वस्तूसाठीं एवढा खर्च? चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" असें कोणी म्हणेल. परंतु साध्या जोडीची किंमत बहुधा एका नव्या टायराहून अधिक नसते. आणि येथें कोंबडी चार आण्यांची नाहीं, खालीं निजलेला माणूस आहे. म्हणूनच विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे किंवा कोंकण-गोव्याकडे सहज हाताशीं असलेला जांभ्याचा चिरा टेकू म्हणून वापरणें हा अविचार होय. पोलाद वांकतांना कांहीं सूचना तरी देतें. वीट आणि चिरा एकदम फुटतात.

टेकू उत्तम असून भागत नाहीं, त्याच्या पायांखालची जमीनही उत्तम हवी. सपाट सिमेंटची जमीन सर्वांत चांगली. उतारावर किंवा हलत्या पेव्हर ब्लॉकवर गाडी उचलूं नये. विदर्भाच्या उन्हाळ्यांत डांबर इतकें मऊ होतें कीं, स्टँडचे पाय त्यांत रुततात; पावसाळ्यांत मातीची तीच गत. अशा जागीं काम करणेंच टाळावें. निरुपाय असेल तर स्टँडखालीं जाड, रुंद पोलादी पत्रा घालावा.

पुढचा प्रश्न गाडी जागेवरून न सरकण्याचा. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली कीं तीं चाकें अधांतरीं होतात आणि हँडब्रेक असून नसल्यासारखा होतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचें पुढचें एक चाक उचललें, तर गिअरमध्यें ठेवलेली गाडीही अडत नाहीं. कारण डिफरन्शिअलच्या योगानें उचललेलें चाक मोकळें फिरूं शकतें. म्हणून हँडब्रेक व गिअर दोन्ही लावावेत, पण भिस्त ठेवावी ती जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लावलेल्या भक्कम पाचरींवर.

जॅक कोठें लावावा हें माहितीपुस्तकांत चित्रासह दिलेलें असतें. दारांखालच्या कडेला चाकांजवळ खुणेच्या खांचा असतात. तेथेंच पत्रा मजबूत केलेला असतो. तेलाच्या टाकीला किंवा नुसत्या तळपत्र्याला जॅक लावला, तर पत्रा आंत दबून गाडी घसरते. विजेच्या मोटारींत तळाशीं बॅटरी असते. तेथें खुणेबाहेर जॅक लावणें म्हणजे विषाची परीक्षाच. येथें एक अडचण येते: खुणेच्या जागीं जॅक बसला, तर स्टँड कोठें ठेवावा? अनेक गाड्यांना पुढें मध्यभागीं आडव्या पोलादी तुळईवर जॅक लावण्याची जागा सांगितलेली असते. तेथून उचलून दोन्ही बाजूंच्या खुणांखालीं स्टँड ठेवावे. तशी जागा सांगितलेली नसेल, तर त्या गाडीचें हें काम गॅरेजमध्येंच करवून घ्यावें.

पाचरी लावल्यावर, चाक काढावयाचें असेल तर गाडी जमिनीवर असतांनाच नट अर्धा फेरा सैल करावे. वर उचललेल्या गाडीवर पान्याला जोर देणें धोक्याचें. मग गाडी जरूर तेवढीच उचलावी. उंची जितकी कमी तितका तोल अधिक. स्टँड ठेवून, खिटी पाहून, पिन घालून जॅक सावकाश उतरवावा आणि सारा भार स्टँडवर येऊं द्यावा. त्यानंतर गाडीला हातानें चांगला धक्का देऊन पाहावें. ती हलायची असेल तर तेव्हांच हलूं द्यावी, खालीं माणूस गेल्यावर नव्हे. काढलेलें चाक किंवा स्टेपनी दारांखालीं आडवी सरकवून ठेवावी. सर्व कांहीं चुकलेंच, तर तेवढी पोकळी जीव वांचविते. गाडीखालीं असतांना इंजिन सुरू करूं नये, मुलांना आंत बसूं देऊं नये, आणि घरांत कोणी नसतांना हें काम करूं नये.

ही शेवटची अट कां, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. छातीवर गाडीचा भार आला म्हणजे श्वास घेतां येत नाहीं, आणि श्वासावांचून हांकही मारतां येत नाहीं. दोन हातांवर बाहेर उभा असलेल्या माणसालाही तें कळत नाहीं. असा प्रसंग आलाच, तर गाडी हातांनीं उचलण्यांत वेळ न दवडतां जॅक पुन्हां लावून ती वर घ्यावी, आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा.

त्या रविवारच्या चित्राकडे परत वळूं. गृहस्थांनीं गाडी उतरविली, हात धुतले आणि आठवड्यांत स्टँडची एक जोडी आणली. पुढच्या रविवारीं गाडी टेकूंवर उभी राहिल्यावर आजोबा खालीं आले, आणि नातवाला म्हणाले, "चल, दोघे मिळून ढकलूं." दोघांनीं जोर लावला, गाडी हलली नाहीं. मग मुलाचे वडील खालीं गेले. तेल आठ दिवस उशिरां बदललें, इंजिनाचें त्यानें कांहींच बिघडलें नाहीं.