वाई : कृष्णाकाठचे गाव आणि त्याचा स्वभाव



वाईचे वर्णन ‘दक्षिण काशी’ म्हणून नेहमी होते. आज मला वाईच्या स्वभावाविषयी बोलायचे आहे, आणि हा स्वभाव भूगोलाने घडवला आहे.

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पसरणीचा घाट उतरून खाली आलो की त्याचा लहानसा वाटाच आपल्या पदरात पडतो. म्हणजे कृष्णेला पूर येतो तो मुख्यतः वरच्या डोंगरांतल्या पावसाने. वाईत ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते. अशा नदीच्या काठी वस्ती करायची तर तिला ओळखूनच करावी लागते.

१७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले, ते थेट घाटावर. त्याची मागची भिंत मत्स्याकार, निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर आपटून दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. बांधणाऱ्यांनी नदीला अडवले नाही आणि तिच्या भयाने देऊळही दूर नेले नाही. वाईचा स्वभाव मला या भिंतीत दिसतो : प्रवाहाला वाट द्यायची, पण आपली जागा सोडायची नाही.

इतिहासाचे अनेक प्रवाह इथून गेले. जवळच लोहाऱ्याला बौद्ध लेणी आहेत. तिथे पुढे शिवाची पूजा सुरू झाली. आदिलशाहीत वाई हा महत्त्वाचा सुभा होता. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी अफझलखानाचा तळ याच परिसरात होता. पेशवाईत रास्त्यांनी घाट आणि देवळे उभारली, तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा उभा राहिला.

राजसत्ता गेली तेव्हा अनेक गावे ओस पडली. वाईने विद्येला जवळ केले. गेल्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा चालवली. विनोबा भावे इथे शिकायला आले. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा एक मुलगा इथे आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. त्यांनी धर्मकोशाचे संपादन केले आणि अस्पृश्यतानिवारणासाठी महात्मा गांधींच्या बाजूने शास्त्राधार मांडले. परंपरेत पाय रोवून नव्या विचाराला वाट करून देणे ते हेच. त्यांच्याच संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम या तालुक्याच्या गावातून चालले आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. मोठ्या कामाला मोठे शहरच लागते, हा समज वाईने खोटा ठरवला.

पण ही विद्या एकट्या शास्त्र्यांच्या बळावर टिकली नाही. हळद पिकवणारा शेतकरी, बाजारातला व्यापारी, आठवड्याच्या बाजाराला येणारी आसपासची खेडी यांनी हे गाव जागते ठेवले. कृष्णाबाईच्या उत्सवात गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह, भीमकुंड अशी एकेक आळी आपापल्या घाटावर नदीला देवी म्हणून बसवते. इथे नदीला ‘बाई’ म्हणतात. ती घरातली वडीलधारी आहे.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आता वर धोमचे धरण आहे. पावसाळा सरला की पात्रातले पाणी आपल्या हाती असते. पाणी कमी असते तेव्हा सांडपाणी वाहून जात नाही, तिथेच साचते. उत्सवात जिची ओटी भरायची तिच्यात वर्षभर गटार सोडायचे, हे आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाला शोभत नाही. पुराला वाट देणारी भिंत ज्यांनी बांधली, त्यांच्या वारसांना सांडपाणी शुद्ध करणे अवघड वाटू नये.

माझी विनंती एवढीच : प्रत्येक आळीने उत्सवाइतकीच आपल्या घाटाच्या स्वच्छतेचीही जबाबदारी घ्यावी आणि प्रक्रिया न केलेले पाणी नदीत जाऊ नये, हा आग्रह नगरपालिकेकडे धरावा. कृष्णेने वाई घडवली. आता कृष्णा राखणे हे वाईचे काम आहे.