बांधापलीकडची शेती
(कृषी पदवीधर आणि पालक यांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी हा क्रम समाजाने केव्हाच उलटा केला. मुलगा कृषी पदवीधर झाला तरी तो स्पर्धा परीक्षेसाठी पुणे गाठतो आणि शेतावर वडील एकटेच उरतात. यात पालकांना दोष देता येणार नाही. 2015-16च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र अवघे 1.34 हेक्टर होते. पावसाच्या भरवशावरील एवढ्या जमिनीवर शिकलेल्या मुलाचा संसार उभा राहणे कठीणच. परंतु शेतीतील रोजगार बांधाच्या आतच मोजण्याची सवय आता सोडावयास हवी.

2010चा द्राक्षहंगाम आठवावा. महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात पोहोचली आणि तेथील तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला. कंटेनर अडकले, बागायतदारांना जबर फटका बसला. कष्टांत कोणीही कमी पडले नव्हते. कमी पडली ती परदेशी निकषांची वेळीच घेतलेली दखल. म्हणूनच फवारणीच्या नोंदी ठेवणारा सल्लागार, उर्वरित अंश तपासणारा रसायनतज्ज्ञ, पॅकहाउसमधील प्रतवारी पर्यवेक्षक, शीतगृहाचा तंत्रज्ञ आणि निर्यातीची कागदपत्रे जाणणारा माणूस हे सारे आज शेतीचेच घटक ठरले आहेत.

यांना गावाजवळ काम कोण देणार? कंपनी कायद्यातील 2002च्या दुरुस्तीने किमान 10 उत्पादकांना स्वतःची कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'ने द्राक्षनिर्यात व फळप्रक्रियेत या मार्गाचे सामर्थ्य दाखवून दिले. 2020मध्ये केंद्र सरकारने 10,000 शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. प्रत्येक संघटनेस व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपयांचे साहाय्य त्यात ठरले. मात्र नोंदणी होणे म्हणजे व्यवसाय चालणे नव्हे. अनेक कंपन्या कागदावरच राहतात. माल खरेदी करण्यास खेळते भांडवल नसते, हिशेब अपुरे असतात, बाजारभावाशी झुंजणारा व्यवस्थापक नसतो. अनुदान संपताच कुलूप लागू नये, तर याच रिकाम्या खुर्चीवर सुशिक्षित तरुण बसला पाहिजे.

स्वतंत्र व्यवसायाची वाटही खुली आहे. 2002मध्ये सुरू झालेल्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत कृषी पदवीधरांसाठी 45 दिवसांचे विनामूल्य प्रशिक्षण आणि कर्जाशी निगडित अनुदान यांची तरतूद करण्यात आली. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे असे व्यवसाय त्यातून उभे राहिले. 2023मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेने बचत गटांतील महिलांसाठी ड्रोनद्वारे फवारणीचे कामही खुले केले.

हे मार्ग सुलभ नाहीत. आरंभीची काही वर्षे शहरी वेतनाशी तुलना करता उत्पन्न तोकडे वाटेल. हंगामात रात्रीचा दिवस करावा लागेल. म्हणूनच घराचा आधार निर्णायक ठरतो. परतलेल्या मुलाला 'नोकरी मिळाली नाही म्हणून आला' असे गाव म्हणते, तेव्हा आईवडिलांनी त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहावे. शेती, व्यापार आणि नोकरी यांची प्रतवारी लावण्याचे दिवस सरले. उत्पादक कंपनीच्या चांगल्या व्यवस्थापकाला ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.