पुढचा रविवार

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



मला माझ्या छंदाबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. छंद तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन जिना उतरलो की दूधवाला विचारतो, "आज कुठलं इंजिन?"

माझं लाडकं इंजिन डब्ल्यूडीएम-२. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून ते १९६२ मध्ये आपल्याकडे आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. अल्को १९६९ मध्ये बंद पडली, पण वाराणसीत हे इंजिन नव्वदच्या दशकापर्यंत तयार होत राहिलं. उभं असतानाही ते गप्प बसत नाही. त्याची धडधड फलाटावर आपल्या पायांना कळते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, तेव्हा आम्हा फोटोवाल्यांना फार चुटपुट लागली.

आम्हाला हवा असतो धूर. ड्रायव्हर झटकन नॉच वाढवतो तेव्हा डिझेल लगेच जास्त येतं, पण टर्बोला वेग घ्यायला जरा वेळ लागतो. हवा कमी पडते, डिझेल पुरतं जळत नाही आणि काळा लोट उठतो. तेवढ्यासाठी आम्ही तासन् तास उन्हात उभे राहतो.

असाच एक फोटो मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना हौसेनं दाखवला. काका डिझेल शेडमध्ये फिटर होते. फोटो निरखून म्हणाले, "छान आहे. पण असा धूर थांबला नाही ना, की आम्ही इंजेक्टर तपासायला घ्यायचो." काकू आतून म्हणाल्या, "आणि घरी आले की हाताला डिझेलचा वास. साबण संपायचा, वास नाही!"

मी म्हटलं, "काका, एकदा इंजिनाशेजारी तुमचा फोटो काढू." ते म्हणाले, "कधीही सांगा." मी म्हटलं, "पुढच्या रविवारी." असे कितीतरी रविवार गेले. गेल्या वर्षी काका गेले.

या स्मरणिकेसाठी काकूंनी मला विचारलं, "यांचा एखादा इंजिनाबरोबरचा फोटो असेल ना तुमच्याकडे?" तीन रात्री शोधलं. हजारो फोटो, प्रत्येकावर इंजिनाचा नंबर, तारीख, स्टेशन. ज्या हातांनी ती इंजिनं चालती ठेवली, त्यांचा एकही नाही. शेवटी गणपतीतल्या ग्रुप फोटोत, मागच्या रांगेत, काकांचा अर्धा चेहरा सापडला. तोच स्मरणिकेत दिलाय.

म्हणून आज एक विनंती. जेवणाआधी मी गच्चीवर कॅमेरा घेऊन थांबणार आहे. आजी-आजोबा, मुलं, आपले वॉचमन, सफाईच्या मावशी, सगळ्यांनी या. नावंही लिहून घेणार आहे. पुढच्या रविवारी नको, आजच.