रस्त्यावर उभे राहण्याचा अधिकार



आजच्या भाषणासाठी आम्ही निवडलेला विषय वरवर किरकोळ वाटेल. अमेरिकेतील दुकानांच्या आवारांत आणि उद्यानांच्या फाटकांवर 'येथे रेंगाळू नये' अशा अर्थाच्या पाट्या आपण नेहमी पाहतो आणि पुढे जातो. अनेक शहरांनी ही मनाई सार्वजनिक रस्त्यांनाही कायद्याने लागू केली आहे. कोणतेही कृत्य न करता नुसते उभे राहणे हा गुन्हा कसा ठरतो, आणि तो कोणाच्या बाबतीत ठरतो, हा प्रश्न आपल्या समाजाने तरी टाळता कामा नये.

या देशात गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. त्याच वर्षी मिसिसिपी राज्याने भटकेगिरीविरुद्ध कायदा केला. ज्या मुक्त कृष्णवर्णीयाजवळ रोजगार नसेल, किंवा जो आपल्या बांधवांसह 'बेकायदा' जमलेला आढळेल, तो गुन्हेगार ठरू लागला. पाच दिवसांत दंड न भरल्यास, त्याच्या वतीने दंड भरणाऱ्याकडे शेरीफ त्याला मजुरीस देई. बेडी तुटली, पण रस्ता मोकळा झाला नाही.

ही रीत आपल्याला अपरिचित नाही. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याखाली जन्मावरूनच माणूस संशयित ठरला. त्याने हजेरी द्यावयाची आणि परवान्याशिवाय हद्द सोडावयाची नाही. हा कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडले. महाडच्या तळ्याची गोष्ट तर आपली मुलेही जाणतात. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्येच केला होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहकाऱ्यांसह तेथवर चालत जावे लागले. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी आणि तलावांच्या जोडीने रस्त्यांचाही उल्लेख आहे, तो उगाच नव्हे. सार्वजनिक जागी कोणाची उपस्थिती खपवून घेतली जाते, यावरून त्या समाजाची प्रकृती कळते.

आता शिकागोकडे वळू. या शहराने 1992 साली एक अध्यादेश केला. गुंड टोळीचा सदस्य असल्याचा पोलिसाला वाजवी संशय असलेली व्यक्ती इतरांसह सार्वजनिक जागी रेंगाळताना दिसली, तर त्या सर्वांना हटण्याचा हुकूम द्यावयाचा. न हटणाऱ्यास अटक. रेंगाळणे म्हणजे काय? तर 'उघड हेतू न दिसता एका जागी थांबणे'. सुमारे तीन वर्षांत 89,000 हून अधिक हुकूम निघाले आणि 42,000 हून अधिक लोकांना अटक झाली. 10 जून 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा अध्यादेश रद्द ठरविला. त्याची भाषा इतकी संदिग्ध होती, की कोणाला हटवावे हे सर्वस्वी पोलिसाच्या मर्जीवर राही. निरुपद्रवी हेतूने रेंगाळणे हाही व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे बहुमतातील तीन न्यायमूर्तींनी नमूद केले.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातील माणसे. ज्या व्याख्येत रोगी आणि निरोगी दोघेही सापडतात, तिला आम्ही निदान म्हणत नाही. हेतू हा काही नाडीसारखा बोटाला लागत नाही. तो पाहणाऱ्याच्या नजरेत असतो, आणि ती नजर आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शिकागोच्या गरीब वस्त्यांतील रहिवाशांनीच टोळ्यांच्या भीतीची कैफियत नगरसभेपुढे मांडली होती. वृद्धांना घराबाहेर पडणे कठीण झाले होते. ती भीती खरी होती. परंतु उपाय कृत्यावर हवा, अस्तित्वावर नव्हे. धमकी, मारहाण, अमली पदार्थांची विक्री यांसाठी कायदे आहेतच.

हा प्रश्न केवळ इतरांचा आहे, असेही समजू नये. 2015 साली अलाबामा राज्यात, भारतातून मुलाकडे आलेले एक आजोबा सकाळी वस्तीत फिरत होते. कोणीतरी 'संशयास्पद इसम' म्हणून पोलिसांना कळविले. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. मणक्याला इजा होऊन त्यांना अंशतः पक्षाघात झाला. आपल्याकडेही आईवडील येतात आणि त्यांना आपण रोज चालण्याचा सल्ला देतो.

अलीकडे, 28 जून 2024 रोजी, ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बेघरांना सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल शिक्षा करण्याची मुभा शहरांना दिली. त्यानंतर अनेक नगरसभांपुढे असे नवे अध्यादेश आले. म्हणजे निर्णय आता आपल्या गावाच्या सभागृहात होणार आहे, आणि तेथे घरमालक व करदाते म्हणून आपल्याला आवाज आहे.

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. पहिला, असा अध्यादेश चर्चेला येईल तेव्हा सभेस जावे आणि विचारावे: नेमके कोणते कृत्य मना आहे? ते ठरविणार कोण? तेथे दिवा, बाक वा दवाखाना देऊन हाच प्रश्न सुटणार नाही काय? दुसरा, वडीलधाऱ्यांच्या खिशात नाव, पत्ता, मुलाचा दूरध्वनी आणि 'मला इंग्रजी येत नाही' एवढा मजकूर असलेले इंग्रजी कार्ड ठेवावे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: खिडकीतून कोपऱ्यावर उभी असलेली मुले दिसली, तर फोन उचलण्यापूर्वी ती नेमके काय करीत आहेत, हे पाहावे. ती नुसती उभी असतील, तर त्यांना उभे राहू द्यावे.

रस्ता आपल्याला उशिरा मिळाला. तो मिळाल्यावर दुसऱ्यासाठी बंद करणाऱ्यांच्या रांगेत आपण कधीही उभे राहू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम!