रिकाम्या रकान्याचा नियम

कचेरीच्या खिडकीशी ‘कॉम्प्युटर घेत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले आहे. त्या वाक्यापाशी बोलणे संपते. खिडकीमागचा माणूसही हतबल असतो. पण यंत्राला स्वतःचे मत नसते. कुणीतरी कधीतरी एक नियम ठरवलेला असतो आणि यंत्र तो मुकाट्याने पाळत असते. हा नियम ठेवलेला असतो तरी कुठे, याविषयी आज थोडे बोलणार आहे. मी कवी, संगणकाचा जाणकार नव्हे. या क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला खोदून खोदून विचारले, आणि जे समजले ते सांगतो.

संगणकातली माहिती आज बहुतेक ठिकाणी तक्त्यांत ठेवली जाते. त्यांना ‘टेबल’ म्हणतात. उभे रकाने आणि आडव्या ओळी, आपल्या खतावणीसारखेच. ही मांडणी एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 साली सुचवली. तेव्हा ते अमेरिकेत आयबीएम कंपनीत होते.

आता नियमांचे पाहा. ते ठेवण्याच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे प्रोग्रामच्या पोटात. तिथे तो लिहिणाऱ्यालाच दिसतो, आणि तो नोकरी सोडून गेला की कुणालाच दिसत नाही. दुसरी जागा म्हणजे नियमांचे वेगळे भांडार. माहितीसारखेच नियमही तक्त्यात मांडायचे. एका रकान्यात अट, दुसऱ्यात निकाल, पुढे कधीपासून लागू, कधीपर्यंत लागू आणि कुणी मंजूर केला. नियम बदलला तर प्रोग्राम उसवायचा नाही, फक्त एक ओळ वाढवायची.

जीएसटीचे उदाहरण घ्या. केसांच्या तेलावर 18 टक्के कर होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. तक्त्यात 18 खोडून 5 लिहिले असते, तर सप्टेंबरच्या सुरुवातीला विकलेल्या बाटलीचा हिशोब पुन्हा काढताना चुकला असता. म्हणून जुनी ओळ तशीच ठेवायची, तिला शेवटची तारीख घालायची आणि नवी ओळ लिहायची. जुना व्यवहार जुन्या नियमाने, नवा नव्या नियमाने.

शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. सातबारावर नाव बदलले की बाजूला फेरफाराचा क्रमांक पडतो. जुन्या नावाला कंस होतो. गाव नमुना 6 उघडला की बदल कधी झाला, कशामुळे झाला आणि कुणी प्रमाणित केला, हे कळते. संगणकातल्या नियमांनाही असाच फेरफार हवा, एवढेच हे शास्त्र सांगते.

पण खरी गोम आहे ती तक्ता तयार करताना. प्रत्येक रकाना हाच एक नियम असतो. ‘हा रकाना रिकामा चालणार नाही’ असे एकदा ठरले की त्या तक्त्यात मावणारी माणसे आणि न मावणारी माणसे अशी वाटणी होऊन जाते.

माझ्या आईला आडनाव नव्हते. तिचे नाव, पुढे ‘बी’, की संपले. आमच्याकडे अशा कितीतरी बायका होत्या. एका कचेरीच्या अर्जात आडनाव सक्तीचे होते. तिथल्या कारकुनाने, भल्या मनानेच, त्या रकान्यात टिंब दिले. दुसऱ्या कचेरीच्या यंत्राला टिंब चालेना, म्हणून तिथे नावच दोनदा लिहिले गेले. तिसऱ्या ठिकाणी वडिलांचे नाव आडनाव झाले. एका बाईच्या तीन बायका झाल्या. तिन्ही कागद जुळेनात आणि तिची मदत सात महिने अडकली. तिने मला विचारले, ‘बेटा, इतकी वर्षं माझं नाव पुरलं, आता का पुरत नाही?’ हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. जात दिसू नये म्हणून आडनाव टाकून देणारी माणसे महाराष्ट्रात थोडी नाहीत. दक्षिणेत तर आद्याक्षरांवरच काम भागते.

कॉड यांनी याचाही विचार केला होता. 1990 सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी रिकाम्या जागेचे दोन प्रकार सांगितले. एक, माहिती आहे पण आपल्याला ठाऊक नाही. दुसरा, ती माहिती इथे लागूच होत नाही. माझ्या आईचे आडनाव हरवले नव्हते, ते मुळात नव्हतेच. तिथे टिंब देणे ही खोटी नोंद झाली.

याच कॉड यांचे 1985 सालचे ‘बारा नियम’ प्रसिद्ध आहेत. माहितीवरची बंधने प्रोग्रामात दडवू नका, ती तक्त्यांच्या सूचीतच नोंदवा, असा त्यांतला एक नियम आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. कडक नियमाची मला भीती नाही. मी गझल लिहितो. काफिया चुकला तर शेर बाद, याबद्दल तक्रार नाही. पण ते नियम सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून सगळ्यांसमोर ठेवले. माझा शेर कुणी नाकारला तर ‘कोणत्या नियमाने?’ असे मी विचारू शकतो. माझ्या आईला ते विचारता आले नाही.

तेव्हा, श्रोतेहो, यापुढे ‘कॉम्प्युटर घेत नाही’ असे ऐकलेत तर चिडू नका, आणि निमूटपणे परतूही नका. शांतपणे विचारा: नियम कोणता, कधीपासूनचा आणि कुणी मंजूर केलेला? जिथे नियम नीट नोंदवलेले असतात तिथे याचे उत्तर मिनिटात मिळते. जिथे ते मिळत नाही तिथे आधी तक्ता दुरुस्त करायला हवा, माणसाचे नाव नव्हे.