सांगाड्याचा पाठ आणि विकासाचा कणा

(शिक्षक-प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने मानवी सांगाड्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु मनुष्यबळ हा विकासाचा पाया आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ते बळ ज्या अस्थिपंजरावर उभे असते त्याचे ज्ञान मुलांपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो.

या बाबतीत आपल्या देशाचा इतिहास मोठा विसंगत आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारे मानवी सांगाडे जगाला पुरविणाऱ्या देशांत भारत दीर्घकाळ अग्रस्थानी होता आणि कोलकाता हे या व्यापाराचे मुख्य केंद्र होते. १९८५ साली केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली व ते योग्यच झाले. मात्र ज्या काळात परदेशांतील विद्यार्थी भारतीय हाडे हातात घेऊन शरीररचना शिकत होते, त्या काळात आपल्या खेड्यांतील मुले चित्राखालची नावे घोकत होती. निर्यात थांबली, घोकंपट्टी पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

याला पर्याय नव्हता असे नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांमधून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. स्वस्त साहित्यातून ग्रामीण शाळेतही प्रयोगाधारित विज्ञान शिकविता येते, हे त्याने २००२ साली बंद होईपर्यंत तीन दशके दाखवून दिले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. धोरण आहे, अनुभव आहे. प्रश्न वर्गातील अंमलबजावणीचा आहे.

स्वतःचे शरीर हीच प्रयोगशाळा

सांगाड्याच्या पाठाची एक सोय इतर कोणत्याही पाठात नाही. अभ्यासाची वस्तू प्रत्येक विद्यार्थी सोबत घेऊनच येतो. आरंभ हातापासून करावा. प्रत्येक बोटात तीन हाडे, अंगठ्यात दोन, म्हणजे एकूण १४. तळहातात ५ आणि मनगटात ८. अशी एका हातात २७ हाडे. पावलात २६. दोन्ही हात व दोन्ही पावले मिळून ही संख्या १०६ होते. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडे हातापायांच्या टोकांशी एकवटलेली आहेत, हे मूल स्वतः बेरीज करून शोधते तेव्हा ते विसरत नाही. माणूस हत्यार धरतो, लिहितो, विणतो, तोल सांभाळून चालतो, त्याचे कारणही त्याला या बेरजेत सापडते.

त्यानंतर बरगड्या चाचपाव्यात, वाकलेल्या सवंगड्याच्या पाठीवरून बोट फिरवून मणके मोजावेत. कोपराला सरळ पट्टी बांधून घास तोंडाशी नेण्यास सांगावे. घास पोहोचत नाही आणि बिजागरीच्या सांध्याचे महत्त्व व्याख्येविना कळते. खांद्यापासून हात गोल फिरवला की उखळीचा सांधा कळतो.

टाकाऊ साहित्याचा उपयोग

वर्तमानपत्राचा सुटा कागद पुस्तकाचे ओझे पेलत नाही. त्याच कागदाच्या घट्ट गुंडाळलेल्या चार आखूड नळ्या उभ्या केल्या, तर त्या अनेक पुस्तके पेलतात. लांब हाडे पोकळ असूनही बळकट का असतात, याचे हे उत्तर आहे. पुठ्ठ्याच्या चकत्या आणि झिजलेल्या रबरी चपलेचे गोल तुकडे आळीपाळीने दोरीत ओवले की पाठीचा कणा तयार होतो. रबराचे तुकडे काढून तोच कणा वाकवून पाहिला, तर मणक्यांमधील गाद्यांचे काम स्पष्ट होते. कोंबडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावे. त्यातील कॅल्शियम विरघळून ते लवचिक होते. जेथे हे रुचणार नाही, तेथे अंड्याचे कवच घेऊनही कॅल्शियम विरघळताना दाखविता येते.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा मांडतो. कपाटात कुलूपबंद ठेवलेला प्लॅस्टिकचा सांगाडा ही साठा नोंदवहीत मालमत्ता असते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य असतो. शिक्षणावरील खर्चाचे फलित खरेदीवरून नव्हे, वापरावरून मोजले पाहिजे. साहित्य मोडेल या भीतीने ते मुलांच्या हाती न देणे ही बचत नसून अपव्यय आहे.

हाडांची तपासणी आणि पाण्याची तपासणी

या पाठाचे खरे मोल मात्र परीक्षेतील गुणांपलीकडे आहे. १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोराइडमुळे होणाऱ्या अस्थिविकाराची नोंद झाली. पुढे आंध्र प्रदेशातील प्रकाशम, तेलंगणातील नलगोंडा, राजस्थानातील नागौर, मध्य प्रदेशातील झाबुआ, तसेच महाराष्ट्रातील यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड अशा अनेक जिल्ह्यांत हा प्रश्न दिसून आला. भूजलातील फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्याने कणा व सांधे ताठर होत जातात. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हानी वाढते. शेती व मजुरी करणाऱ्या कुटुंबाचे श्रमबळ त्यामुळे कायमचे घटते, कारण एकदा बिघडलेला सांगाडा औषधाने पूर्ववत होत नाही. प्रतिबंध हाच उपाय आहे.

आता आपल्या कृतिपाठाकडे पुन्हा पाहा. गुडघे न वाकविता पायाची बोटे धरणे, हनुवटी छातीला टेकविणे, दोन्ही हात डोक्यामागे नेणे, या साध्या हालचाली आरोग्य कर्मचारी अस्थि-फ्लोरोसिसच्या प्राथमिक चाळणीसाठी वापरतात. सांधे शिकविताना वर्गात याच हालचाली होतात. बाधित भागातील विद्यार्थ्याने घरी मोठ्या माणसांना त्या करावयास सांगाव्यात आणि घरचे पिण्याचे पाणी कोणत्या हातपंपाचे वा विहिरीचे आहे, याची नोंद आणावी. वर्गाच्या तक्त्यात एकाच हातपंपाभोवती ताठरलेल्या पाठी अधिक दिसू लागल्या, तर ती नोंद आरोग्य केंद्राकडे व पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे.

अर्थात, ही चाळणी आहे, निदान नव्हे. वार्धक्य वा संधिवात हेही ताठरपणाचे कारण असू शकते. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. कोणत्याही मुलावर वा कुटुंबावर शिक्का बसणार नाही, ही दक्षता शिक्षकाने घ्यावयाची आहे.

पुढील व्यवस्था आपल्याकडे आहे. भारतीय मानकानुसार पेयजलात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली. २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तर २०१९ मध्ये नळाने पाणी पुरविण्यासाठी जल जीवन मिशन सुरू झाले. परंतु योजना गावापर्यंत आली, तरी नेमका कोणता हातपंप दूषित आहे हे सांगणारी नजर गावातच असावी लागते. ती नजर सहावी-सातवीच्या वर्गात घडू शकते.

२०६ हाडांची नावे पाठ नसली, तरी देशाचे फारसे बिघडणार नाही. आपल्या आजोबांची पाठ का वाकत नाही, हा प्रश्न मात्र मुलाला पडलाच पाहिजे. तो पडेल असा पाठ घेणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.